ऐकणं बंद पडू न देणारे मधुकर सर

मधुकर सरांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या आवाजाने झाली. नांदुऱ्यात त्यांच्या संगणक वर्गाचा जिना चढत होते, तर वरून अखंड बोलणं ऐकू येत होतं. शिकवणी चालली असेल म्हणून दाराशी थांबले. आत सर एकटेच होते, प्रोग्रामशी भांडत होते. पुढे त्यांच्या हाताखाली शिकून मी तिथेच शिकवू लागले. सरांसमोर आमच्यापैकी कुणाचंही वाक्य आजवर पूर्ण झालेलं नाही, हे त्यांच्या साठीच्या निमित्ताने नोंदवून ठेवते.

माझे वडील बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. त्यांना बोलून लिहिता यावं म्हणून सरांनी ब्राउझरमध्ये चालणारं एक पान तयार केलं. बोलणं सुरू झालं, शब्द कळले, आवाज आला नाही, ऐकणं संपलं, अशी प्रत्येक वर्दी ब्राउझर प्रोग्रामला देतो. तिला आम्ही इव्हेंट म्हणतो. पण बाबा पुढच्या शब्दासाठी थांबले, की 'आवाज नाही' ही वर्दी चूक म्हणून येई, पडद्यावर लाल अक्षरं उमटत आणि ऐकणं बंद पडे. दोन-तीनदा तसं झाल्यावर बाबांनी तोंड फिरवलं. "मले नाई जमत आता," म्हणाले. त्या दिवसापासून ते घरातही बोलेनासे झाले. आम्ही हवालदिल झालो.

सर घरी आले. बाबांशेजारी बसून राहिले आणि चक्क काही बोलले नाहीत. आईला वाटलं, सरांनाच बरं नाही. मग ते मला म्हणाले, "गप रायनं काई चूक नाई. ते लाल काढून टाक. ऐकनं बंद पडलं की लगेच सुरू कर. संपलं की नाई, ते त्यायनंच सांगाचं." आम्ही पान तसं बदललं. नव्याने ऐकताना आधीचे शब्द पुसले जाऊ नयेत, ही व्यवस्था सरांनी स्वतः केली.

तरी बाबा पानाकडे पाहीनात. सर वर्ग सुटला की येत, पान ऐकतं ठेवत आणि नुसते बसत. एका संध्याकाळी बाबांनी तोंड उघडलं. "सरांले," म्हणाले, पुष्कळ थांबले, मग "चहा द्या." पानावर दोन्ही तुकडे एका ओळीत आले. आई चहा ठेवायला गेली आणि तिथेच डोळे पुसत उभी राहिली. सरांचे हे उपकार आम्ही कधी विसरणार नाही.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी शुभेच्छा मी लिहाव्यात असं ठरलं होतं. बाबांनी ते काम माझ्याकडून काढून घेतलं. पानापुढे बसून, हवं तितकं थांबत त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत देते: "सर, शंभरी गाठा. तब्येत सांभाळा. मले अजून लय बोलाचं हाय, अन् ऐकाले तुमीच पायजे."