वरातीमागची जीप

नदीकाठच्या रिसॉर्टच्या परवान्याला मुदतवाढ द्यायची का, ते बघायला साहेब आले. आमची गुरं पाण्यावर उतरायची ती जागाच भरावाखाली जाणार होती. परवान्याला गाड्यांपुरता मोठा रस्ता लागतो; रिसॉर्टवाला म्हणे, रस्ता ऐसपैस आहे.

नेमकं त्याच दिवशी आमच्याकडे लग्न. आमच्यात लग्न लावणाऱ्या धवळारणीचं गाणं संपेपर्यंत वरात ओढ्यावरच्या अरुंद मोरीवरून पुढे सरकत नाय, आणि धवळारीण मी. मागे साहेबांची जीप दिसली, तशी मी नवरीच्या साऱ्या मावश्या-माम्या गाण्यात घेतल्या.

साहेब उतरून म्हणाले, "आजी, अजून किती जण राहिलेत?"

"नवऱ्याकडची सगळीच रायलीत रे बाबा. दुसरा रस्ता असंल तर जा ना."

दुसरा रस्ता नव्हताच. साहेबांनी तसंच कळवलं आणि मुदतवाढ अडली. नवरदेव तेवढा अजून रुसलाय, जेवण गार झालं म्हणून.