पत्रलेखन, दहा गुण

इंग्रजीचे पेपर तपासणाऱ्या दोघीजणी चहाला समोरासमोर बसल्या की दुसरा विषय निघत नाही. कोणाच्या पोराने काय लिहिलं, एवढाच. हे किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात, कपाटात जुने गठ्ठे साठतात तसे. टाकायला जीव होत नाही आणि ठेवायला जागा नसते.

मी आता पनवेलच्या बाजूला एका मोठ्या शाळेत आहे. इथे चाचणी घेतली की मुलं उत्तरं लिहितात. बरोबर नाहीतर चूक, संपलं. मैत्रीण म्हणते, "नशीबवान आहेस." असेन. पण गठ्ठ्याची दोरी सोडली की मी अजूनही आधी कागदाचा वास घेते. इथल्या कागदाला कागदाचाच वास येतो.

आधीच्या शाळेत तसं नव्हतं. आगरदांड्याच्या अलीकडे, कोळीवाड्याला चिकटून ती शाळा. सहावी ते आठवीच्या मुलांचं इंग्रजी माझ्याकडे. वाचन, लेखन, व्याकरण, तिन्हीच्या चाचण्या मीच काढायच्या, मीच घ्यायच्या, मीच तपासायच्या. मी तासिका तत्त्वावर होते, म्हणजे कायमचा शिक्षक येईपर्यंत. तो कधी येईल याची मला रोज धास्ती. शाळेच्या फाटकाशी अनोळखी माणूस दिसला की मला वाटायचं, आला. बहुतेक वेळा तो गॅसवाला असायचा.

*

पहिली चाचणी प्रकट वाचनाची. सहावीतला विघ्नेश पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, त्याने छाती भरून श्वास घेतला आणि पहिलंच वाक्य असं ठोकलं की माझ्या हातातलं पेन उडालं. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन बघून गेले.

मी म्हटलं, "अरे, हळू वाच."

त्याने हळू वाचलं. गणिताचे सर पुन्हा आले.

"विघ्नेश, मी समोर बसलेय ना? मग एवढं ओरडायचं कशाला?"

तो गोंधळला. म्हणाला, "मॅडम, तुमीच बोलल्या, सगल्यांना ऐकू गेलं पायजे."

"सगळ्यांना म्हणजे वर्गातल्या."

"हां," तो म्हणाला. "माला वाटलं, बोटीवरच्या."

त्याचे वडील आणि चुलते दोन वेगळ्या बोटींवर होते. त्यांच्या घरात सगळेच दोन बोटींमधल्या अंतराने बोलायचे. उच्चाराचे मार्क मी पूर्ण दिले. आवाजाचा रकाना मी मोकळा सोडला, कारण त्यात काय भरावं ते मला आजही कळलेलं नाही.

*

मग उताऱ्यावरचे प्रश्न. मी मोठ्या उत्साहाने मुलांच्या ओळखीचा विषय घेतला. जून महिन्यातली एक सकाळ, एक म्हातारा कोळी एकटाच होडी घेऊन समुद्रावर जातो, भरपूर मासळी मिळते, तो आनंदाने गात घरी येतो. प्रश्न होता, म्हातारा का गात होता?

माझ्या उत्तरसूचीत होतं, भरपूर मासळी मिळाली म्हणून.

सातवीतल्या निम्म्या वर्गाने लिहिलं की म्हाताऱ्याला वेड लागलं आहे. एकाने लिहिलं, जूनमध्ये मासेमारीला बंदी असते, याला पोलीस धरतील. एकीने लिहिलं, घरच्यांनी त्याला एकट्याला का सोडलं?

मी गठ्ठा घेऊन हेडसरांकडे गेले. हेडसर मूळचे माणगावकडचे, शेतकरी घरातले, हळू बोलणारे. त्यांनी सगळे पेपर चाळले, चष्मा काढला.

"मॅडम, हा उतारा कोणी लिहिला?"

"मी."

"तुम्ही कुठल्या?"

"पेणच्या आतल्या बाजूची. आमची भातशेती आहे."

"तरीच," हेडसर म्हणाले. "मुलांना मार्क द्या. म्हाताऱ्याला घरी बसवा."

*

एकदा पंचायत समितीतून साहेब तपासणीला आले. आठवीच्या वर्गात त्यांनी फर्मान सोडलं, "कोणीही उठून मला इंग्रजीत एक प्रश्न विचारा." मी मनात देवाचं नाव घेत होते आणि मागच्या बाकावरचा निखिल उठला.

"सर, व्हेन यू गो?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

साहेब मराठीत म्हणाले, "का रे, मी जायला हवंय?"

"तसं न्हाय सर. भरती चारला हाय. बोट लागंल. टोपल्या उचलायला पायजेत. तुमी उशिरा जानार असाल तर मी आदी जातो."

साहेबांनी घड्याळ बघितलं, साडेतीन झाले होते. म्हणाले, "यू गो." निखिल गेला. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, विद्यार्थी इंग्रजीचा व्यवहारात वापर करतात.

*

या सगळ्यात एक मुलगी होती, हर्षाली. आठवीत. वाचनात अडखळायची, व्याकरणात निम्मं बरोबर, निम्मं देवाच्या भरवशावर. पत्रलेखनाला दहा गुण असतात आणि पत्र हा पेपरातला सगळ्यात सोपा प्रश्न. घरची चार वाक्यं लिहिली तरी पाच-सहा कुठे जात नाहीत. हर्षाली तो प्रश्न प्रत्येक चाचणीत कोरा सोडायची. प्रश्न क्रमांक सुबक लिहायची, खाली रेघ मारायची आणि पान रिकामं.

"अगं, काहीतरी लिही ना. काकांनी वाढदिवसाला घड्याळ दिलं, त्यांचे आभार मान."

"माला कोनी दिलं न्हाय."

"परीक्षेत दिलेलं असतं गं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला मी एखाद्या लहान मुलाला बाजारात फसवताना पकडले गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तिची आत्या शाळेत आली, यमुनाआत्या. मासळीची पाटी डोक्यावर तशीच घेऊन ती सरळ वर्गात शिरली. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते, वळले तर समोर पापलेटं. मी ओरडलेच.

"घाबरू नको गो बाय, मेलेली हाईत," ती म्हणाली. पाटी टेबलावर ठेवली. "आमची पोर कागद कोरा देते म्हनं?"

मी तिला बाहेर नेऊन सगळं समजावलं. आठवीला आता नापास करतात, पत्राचे गुण गेले तर ती अडकेल.

"तिचा बाप तीन वरसं झाली, गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हनून गेला. पयलं वरीस फोन यायचा. आता न्हाय येत. पत्र म्हटलं का तिला तोच दिसतो. बाकी कोनाला लिवायचं तिनं?" आत्याने पाटी उचलली. "मी पन सांगून ठेवते. नापास झाली तर माझ्यासंग बाजारात बसंल. आनि एकदा बसली का शालेत परत येनार न्हाय. मी पन आठवीतनंच बसलेली."

तेव्हापासून मला कायमच्या शिक्षकाची धास्ती कमी आणि या दहा गुणांची जास्त झाली.

*

आता त्या शाळेतला सर्वांना माहीत असलेला किस्सा. माझी चूक, मी कबूल करते.

मला वाटलं, खोट्या पत्रांनी होत नाही, तर खरं पत्र लिहायला सांगू. आठवीला चाचणी दिली, घरापासून लांब असलेल्या माणसाला पत्र लिहा. पत्ता खरा लिहा. बहुतेकांचे वडील बोटींवर असायचे, म्हणून मुलांनी पत्ता म्हणून बोटीचं नाव लिहिलं. मी गठ्ठा बांधला, वर चिठ्ठी लावली, "पत्रं, आठवी", ऑफिसच्या टेबलावर ठेवला आणि जेवायला गेले.

परत आले तर गठ्ठा नाही.

आमचे शिपाई तुकारामदादा, त्याच कोळीवाड्यातले. मी विचारलं. ते म्हणाले, "पोचवली ना."

"कुठे?"

"धक्क्यावर. दुपारच्या पान्यानं बोटी सुटल्या, ज्याचं त्याला दिलं. ज्या आदीच भायेर हाईत त्यांचं दुसऱ्या बोटीवर दिलं, ते देतील गाठ पडंल तवा. पत्ते व्यवस्थित होते, काय तरास झाला न्हाय."

मी खुर्चीत बसले. तीन दिवसांत गुण वर पाठवायचे होते आणि उत्तरपत्रिका अरबी समुद्रात होत्या. हेडसरांना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, खिडकीतून समुद्राकडे बघितलं. "काय लिहायचं आता?" म्हणाले. "उत्तरपत्रिका मासेमारीला गेल्या?"

आठवड्याने बोटी आल्या. एकेक कागद परत येऊ लागला. ओले, मिठाने कडक झालेले, खवले चिकटलेले. प्रत्येकाच्या पाठीवर उत्तर. बहुतेक मराठीत. एका वडिलांनी लिहिलं होतं, मला वाचता येत नाही, बोट चालवणाऱ्या तांडेलाने वाचून दाखवलं, दोनदा. एकाने फक्त बोटीचं चित्र काढलं होतं आणि त्यात एक माणूस, हात वर केलेला. निखिलच्या वडिलांनी सगळ्या चुकांवर रेघा मारून खाली सही केली होती. मी नंतर तपासलं, तीन चुका मलाही दिसल्या नसत्या.

फक्त एक कागद तुकारामदादांनी पत्रं नेली त्याच दिवशी संध्याकाळी परत आणला होता.

"मॅडम, याच्यावर बोट लिवलेली न्हाय."

हर्षालीचा होता. प्रश्न क्रमांक, रेघ, आणि "डिअर पप्पा" नंतर एक स्वल्पविराम. मी तो कागद तिला परत दिला नाही. तपासलाही नाही. तो माझ्याकडेच आहे.

*

वार्षिक परीक्षेत तिने पत्र सोडलं. सहा गुण कमी पडले.

एप्रिलअखेर माझं काम संपलं. कायमचे शिक्षक जूनमध्ये रुजू होणार होते. शेवटच्या दिवशी मुलांनी मला सुकट दिली, दोन किलो, वर्तमानपत्रात बांधून. एसटीत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. मीही कोणी बसावं म्हणून बघत नव्हते, खिडकीतून बघत होते.

*

जूनमध्ये हेडसरांचा फोन आला. आठवीची फेरपरीक्षा आहे, नवीन सर अजून आलेले नाहीत. "परीक्षार्थी एकच आहे मॅडम. तुम्ही येता का?"

मी पहिल्या एसटीने गेले.

मासेमारीची बंदी सुरू झाली होती. सगळ्या बोटी वाळूवर ओढलेल्या, ताडपत्र्या बांधलेल्या. इतके पुरुष मी त्या गावात कधी पाहिले नव्हते. प्रत्येक ओट्यावर कोणाचा ना कोणाचा बाप जाळं विणत बसलेला. त्या सगळ्या ओट्यांसमोरून हर्षाली पॅड घेऊन एकटी शाळेत आली.

वर्गात ती आणि मी. पंखा, आणि बाहेर तुकारामदादा. पत्राचा प्रश्न छापील पेपरात होताच, घरापासून लांब असलेल्या नातेवाइकाला पत्र लिहा. मला पर्यवेक्षक म्हणून बोलायची परवानगी नव्हती. मी दोन तास खडूचे तुकडे मोजले.

ती आता नववीत आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे काळजी करत बसाल.

शेवटच्या अर्ध्या तासात तिने त्या प्रश्नाखाली रेघ मारली आणि लिहायला लागली. घंटा झाली तरी लिहीत होती. तुकारामदादांनी पेपर गोळा करायची दुसरी घंटा दिली नाही.

पेपर मी आणि हेडसरांनी तिथेच बसून तपासला. पत्राच्या वर, उजव्या कोपऱ्यात, लिहिणाऱ्याचा पत्ता असतो. तीन ओळींचा. त्याला दोन गुण. हर्षालीचा पत्ता कोपऱ्यातून सुरू होऊन पानभर पसरला होता. त्याखाली "डिअर पप्पा", लगेच "युवर हर्षाली", मध्ये काही नाही.

"पत्र कुठे आहे?" हेडसर म्हणाले. मग त्यांनी पत्ता वाचला. लाल पेन माझ्या हातातून घेतलं आणि गुण स्वतः लिहिले.

इंग्रजी मोडकं होतं, प्रत्येक ओळीत चूक होती. मी मराठीत सांगते.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच घे. रेवसला मुरूडकडची एसटी. आपला थांबा आता पुढे नेला आहे, जुन्या ठिकाणी गाडी थांबत नाही. कोपऱ्यावरचं आंब्याचं झाड वादळात पडलं, ते शोधू नको. बर्फाच्या कारखान्याला कुलूप आहे, तिथून डावीकडे. घर हिरवं होतं, आता निळं आहे. दारात कुत्रा भुंकेल. तो नवीन आहे, तुला ओळखत नाही. परत जाऊ नको.