वाममार्गास लागण्याचा संभव

वाममार्गास लागण्याचा संभव असलेली दहा मुलं निवडून त्यांची नावं कळवा, असा कागद आमच्या शाळेत आला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आम्ही वडशाला राहत होतो आणि त्या शाळेचे हेडमास्तर माझे वडील होते. कागद नागपूरहून निघाला होता. आमचं सरकार त्या काळी नागपुरात बसायचं. निवडलेल्या मुलांचं एक कला मंडळ काढायचं, चित्रं, गाणी आणि नाटक यांच्या योगाने त्यांना सन्मार्गावर आणायचं, त्यासाठी तीन महिन्यांकरता एक कलाशिक्षक येईल, असं त्यात लिहिलं होतं. मुलं मात्र दहाच हवी होती. नऊ नकोत, अकराही नकोत.

बाबांनी हे काम फार मनावर घेतलं. ते घरोघर जाऊन विचारू लागले. आपलं पोरगं वाममार्गाला लागण्याचा संभव आहे, असं कोणता बाप कबूल करणार? धानाच्या व्यापाऱ्याने चहा पाजला आणि शेजाऱ्याच्या मुलाचं नाव सांगितलं. शेजाऱ्याने पान दिलं आणि व्यापाऱ्याच्या मुलाचं सांगितलं. शेवटी ज्यांच्या घरी चहा-पान नव्हतं, त्यांची नऊ मुलं यादीत आली. रेल्वेच्या सायडिंगवर पोत्यांतून सांडलेले तांदूळ वेचणारी पाच. त्यांच्यापुढे 'दोषाचे स्वरूप' या रकान्यात 'चोरी' लिहिलं गेलं. शाळा बुडवून हिंडणारे दोघे भाऊ. वसतिगृहातली एक गोंड मुलगी. तिचं गाव एटापल्लीकडच्या जंगलात होतं आणि ती तीनदा पळाली होती. एकदा तर आरमोरीपर्यंत चालत गेली होती. आणि नववा शिंप्याचा मुलगा. थंडी पडली, धान घरात आलं, की आमच्याकडे गावोगाव दंडारी, म्हणजे गाण्या-सोंगांची रात्रभर चालणारी नाटकं, उभ्या राहतात. हा मुलगा दप्तर टाकून त्यांच्यामागे जायचा आणि गाणी, सोंगं पाठ करून आठ दिवसांनी उगवायचा. त्याच्यापुढे बाबांनी लिहिलं, 'नाटकाचा नाद.' नाटकाने सुधारायच्या मुलांमध्ये हा दोष कसा बसतो, हे कोणी विचारलं नाही.

यादी शाळेच्या भिंतीवर लागली त्या संध्याकाळी शिंपी आमच्या घरी आला. मुसलमान मोहल्ल्यात त्याचं एका मशीनचं दुकान होतं, आमचे सगळ्यांचे कपडे तोच शिवायचा. तो पायरीवरच बसला.

"मास्तरसाब, एक बात पुसतो. या नऊ पोट्ट्यायमंदी माडीवाल्या घरचा एकबी काऊन नाई? मिलवाल्याचा पोरगा परवा स्टेशनच्या मागं बिडी पिऊन राह्यला होता. मी आपल्या डोळ्यानं पाह्यलं."

"त्याच्या वडलानं नाई म्हटलं," बाबा म्हणाले.

"मले त कोनी पुसलंच नाई."

शिंपी पायरीवरून उठून गेला. तो भांडायला आला असता तर बाबांना बरं वाटलं असतं, असं आई नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं. "त्या यादीत तुझं नाव घातलं त चालन काय?"

मी म्हटलं, "हो बाबा." मी त्यांना आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. "उद्या पोरीच्या लग्नात हा कागद कोनी काढला त?"

"सरकारी कागद कोनी काढून वाचत नसते," बाबा म्हणाले. मग दोषाचा रकाना समोर ठेवून ते बराच वेळ बसले. माझ्यात दोष सापडेना. शेवटी त्यांनी लिहिलं, 'उलट उत्तरे देते.' उभ्या आयुष्यात त्यांनी खोटं लिहिलेलं मी पाहिलं ते एवढंच, आणि तेही वळणदार अक्षरात, खाली शिक्का मारून.

कलाशिक्षक आला तो पुण्याकडे शिकलेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा. खादीचा झब्बा, खांद्याला पिशवी. मनाने अतिशय चांगला. त्याची-आमची भेट धर्मशाळेच्या पडवीत झाली. त्याने आधी आम्हां दहांना रांगेत बसवलं आणि यादी काढून एकेकाचा चेहरा आणि दोष जुळवून पाहिला. माझ्यापाशी आल्यावर तो थबकला.

"तू उलट उत्तरं देतेस?"

"हो गुरुजी," मी म्हटलं.

त्याने पिशवीतून एक नाटुकलं काढलं. ते त्याने स्वतःच लिहिलं होतं. त्यात सगळे सद्गुण सभा भरवतात, आणि एकेक जण उठून आपलं महत्त्व सहा-सहा ओळींत सांगतो. त्याचा एक सिद्धांत होता: मुलाच्या अंगी जो गुण नाही त्याचीच भूमिका त्याला द्यावी, म्हणजे तो गुण आपोआप मुरतो. त्याप्रमाणे तांदूळ वेचणाऱ्या पाच जणांना प्रामाणिकपणा, सचोटी, संतोष असं काहीबाही मिळालं. शाळा बुडवणारे भाऊ वक्तशीरपणा आणि उद्योग झाले. शिंप्याच्या मुलाला एकाग्रता दिली. पळून जाणारी मुलगी शिस्त झाली. मला नम्रता मिळाली. मी घरी जशी बसायची तशीच तिथे बसले, आणि सिद्धांत खरा ठरतोय असं गुरुजींना पहिल्याच दिवशी वाटलं.

चार दिवस तालमी झाल्यावर शिंप्याच्या मुलाने हात वर केला. तो तेरा वर्षांचा, किडकिडीत, मोठ्या कानांचा होता.

"गुरुजी, सारेच चांगले असन त भांडन कोनासंग करन?"

"भांडायचं कशाला? सद्गुण भांडत नाहीत."

"मंग पब्लिक उठून जाईन."

गुरुजींनी त्याला समजावलं की आपलं नाटक पब्लिकसाठी नाही, आपल्या अंतःकरणासाठी आहे. पोराने मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी तो पदरची अर्धी दंडार घेऊन आला. कोण कुठून येईल, गाणं कुठे पडेल, हसवायला कोण लागेल, सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं. त्याने पाच सद्गुण कमी केले आणि त्यांच्या जागी दुर्गुण आणले. तांदूळ वेचणाऱ्यांना फार आनंद झाला, कारण सहा ओळी कोणाच्याच पाठ होत नव्हत्या. मला त्याने न्याहाळलं आणि म्हणाला, "ही लबाडी चांगली करन. हिच्या तोंडावर कोनाले डाउट येत नाई."

गुरुजी दोन दिवस नाराज होते. मग त्यांनी अहवालात लिहिलं, 'मुलांमध्ये स्वयंप्रेरणा जागृत होत आहे.' ते लिहून झाल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि ते त्या पोराने दंडारीतून आणलेल्या ढोलकीवाल्याशेजारी मांडी घालून बसले. पुढच्या सगळ्या तालमींत ते तिथेच बसलेले असायचे. महिन्याभराने तेही 'का'ऐवजी 'काऊन' म्हणू लागले.

लबाडी शिकणं मला सोपं गेलं नाही. लबाडीने शिट्टी वाजवतच यायचं होतं, आणि दोन बोटं तोंडात घालून ती वाजवायला मला आठ दिवस लागले. ते शिक्षण मला शिस्तीने दिलं, म्हणजे त्या गोंड मुलीने. तिला मराठी कळायचं, पण ती बोलायची फारच थोडं. तिचं बोलणं सगळं अंगात होतं. कोणाची चाल, कोणाचं मान वळवणं, ती एकदा बघून हुबेहूब करायची. तालमीनंतर आम्ही दोघी रुळांच्या कडेने चालायचो, आणि नॅरोगेजची छोटी गाडी आली की ती डब्यातल्या माणसांच्या नकला करायची. तू का पळतेस, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "पळत नाई. घरी जातो." तिच्यालेखी ती एवढीच साधी गोष्ट होती, आणि तिच्या नावावर मात्र तीन गुन्हे लागले होते.

मी घरी उशिरा येऊ लागले. सहामाहीत गणितात मार्क कमी पडले. बाबा म्हणाले, "आता पुरे झालं ते मंडळ. उद्यापासून जाऊ नोको."

मी म्हटलं, "माझं नाव तुमीच घातलं. मी नाई गेले त यादीत नऊच राह्यतीन."

मला वाटलं, आता मार बसणार. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग आईकडे वळले. "घे. कागद खरा झाला," ते म्हणाले. ते रागावले होते की त्यांना हायसं वाटलं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

प्रयोग दुपारी तीनला ठेवावा लागला, कारण मंडळाची तपासणी करायला चांद्याहून येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांना संध्याकाळची गाडी धरायची होती. आमच्याकडे नाटक म्हणजे थंडी, घोंगडी आणि कंदील. भर उन्हात सोंगं काढायची म्हणून शिंप्याच्या मुलाला लाज वाटत होती. त्याच्या बापाने तांदळाच्या पोत्यांचे अंगरखे शिवले होते. दुर्गुणांच्या पाठीवर मिलचे शिक्के दिसत होते. मुलांचे आईबाप यावेत म्हणून बाबांनी पत्रं लिहिली होती. त्या गोंड मुलीच्या बापाला निरोप पोचवायला त्यांनी एका जंगल शिपायाला गाठलं होतं. निरोप पोचेल याची खात्री कोणालाच नव्हती. पण तो बाप आला. किती दिवस चालला कोणास ठाऊक. कमरेला लहानसं धोतर, खांद्यावर कुऱ्हाड, आणि तो सगळ्यांच्या मागे झाडाला टेकून उभा राहिला.

पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी मिलवाले, व्यापारी आणि वसतिगृहाच्या अधीक्षिका बाई. बाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. रोज संध्याकाळी मुलींना ओळीत उभं करून त्या बोटाने मोजायच्या, ओठ हलवत, आणि आकडा जुळला तरी पुन्हा एकदा मोजायच्या.

माझं बरं झालं. शिट्टी वाजली, लोक हसले, बाबांनी खाली पाहिलं. मग शिस्त आली. कमरेला तिने रुळाजवळ सापडलेल्या लोखंडी कड्या बांधल्या होत्या. तिला सहा ओळी म्हणायच्या होत्या. त्यातली एकही तिने म्हटली नाही. ती पुढे येऊन उभी राहिली, कड्या एकदा वाजवल्या आणि बोटाने प्रेक्षकांना मोजू लागली. ओठ हलत होते. व्यापारी मोजला, मिलवाले मोजले. साहेबांपाशी आल्यावर थांबली, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मोजलं. शेवटच्या माणसापर्यंत गेली, आकडा पटला नाही असं तोंड केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला साहेब आपोआप ताठ बसले. वसतिगृहाच्या मुली आधी हसल्या, मग सगळं गाव हसू लागलं. अधीक्षिका बाईंनी किल्ल्यांचा जुडगा हळूच निऱ्यांमध्ये सरकवला.

आता हिला घरी पाठवणार, असं मला वाटलं. पण साहेबांनीच मोठ्याने टाळ्या वाजवल्या, आणि साहेब वाजवताहेत म्हणून बाईंनाही वाजवाव्या लागल्या. भाषणात साहेब म्हणाले की शिस्तीचं इतकं बोलकं चित्रण त्यांनी पाहिलेलं नाही; दहाही मुलं पूर्ण सुधारली असून तसा दाखला प्रत्येकाला आजच मिळेल.

दाखले वाटून झाले तेव्हा मागून तो बाप पुढे आला. कुऱ्हाड त्याने झाडापाशीच ठेवली होती.

"सायेब, पोरगी सुदरली का?"

"सुधारली, अगदी पूर्ण," साहेब म्हणाले.

"मंग नेतो."

साहेब गोंधळले. शिक्षण अर्धं राहील, वसतिगृहाचे नियम आहेत, असं ते काही बोलू लागले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "सुदरली ना?" आता नाही म्हणायची सोय नव्हती; कागद मुलीच्या हातात होता, शाई ओली होती. साहेबांनी अधीक्षिका बाईंकडे पाहिलं. बाई पटकन म्हणाल्या, "नेऊ द्या, साहेब. बापाचा जीव आहे." त्यांना इतकं मायेने बोलताना आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

ती पोत्याच्या अंगरख्यातच गेली. माझ्याकडे वळून तिने दोन बोटं तोंडात घातली, पण शिट्टी वाजवली नाही. मग बापाच्या मागोमाग चालू लागली. पळत नव्हती. मी घरी येऊन रडले, आणि आईने का म्हणून विचारलं नाही.

मंडळ पुढच्या वर्षी निघालं नाही. सगळी मुलं सुधारल्यामुळे या गावी योजनेची आवश्यकता उरली नाही, असं पत्र आलं. तांदूळ वेचणारे पाच जण सायडिंगवर परत गेले. फरक एवढाच पडला की मिलच्या चौकीदाराने हटकलं की ते दाखला दाखवत. गुरुजींची बदली झाली. जाताना त्यांनी स्वतःचं नाटुकलं बाबांपाशी ठेवायला दिलं आणि शिंप्याच्या मुलाकडून त्याचं नाटक वहीत उतरवून घेऊन गेले.

शिंप्याचा मुलगा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रांच्या, दिवसांत पुन्हा नाहीसा झाला. शिंपी आमच्याकडे आला आणि पायरीवर बसला.

"मास्तरसाब, पह्यले तो चोरून जाये. आता सरकारची चिठ्ठी दाखवून जाते. दंडारीच्या पार्टीवाल्यानं चिठ्ठी पाहून त्याले ठेवूनच घेतलं."

"मग आणून घ्या त्याले."

"गेलो होतो आणाले. साकोलीकडं त्यायचा मुक्काम होता. म्या मागं बसून सारा खेळ पाह्यला."

शिंप्याने डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"बाईचा पार्ट करते," तो म्हणाला. "बरा करते. पर चोळी खांद्यावर ढिली आहे. कोन शिवली काय मालूम."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. मशीन डोक्यावर घेऊन तो सकाळच्या गाडीने साकोलीकडे गेल्याचं स्टेशनवर कळलं.