तीन सेकंदांचा नियम

धम्मपाल नेमकं काय काम करतो, हे किन्हीराजात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. पारावर कोणी विचारलं तर त्याचे वडील देवमन म्हणायचे, "फोनचं हाय काहीतरी."

"दुकान हाय का?"

"दुकान नाही गा. फोन लागन्याच्या आंधी जे होते ना, थे करते."

विचारणारा मान हलवायचा आणि बोलणं सोयाबीनवर यायचं. देवमन सडकेवर मैलकुली होते. तीस वर्षं खड्डे बुजवून, कडेचं गवत कापून निवृत्त झालेले. पण मुलाच्या कामाबद्दल ते सांगत ते अगदी बरोबर होतं.

फोनवर दोन माणसं बोलायच्या आधी दोन यंत्रं बोलतात. एक म्हणतं, बोलावणं आहे. दुसरं म्हणतं, थांब, घंटी वाजते आहे. कोणी उचललं तर, ठीक. न उचलता ठेवून दिलं तर, रद्द. एवढं झालं की मग आवाजाला वाट मिळते. या संकेतांचे नियम लिहून ठेवलेले आहेत आणि ते कोणा एका कंपनीचे नाहीत. कोणीही वाचावेत, त्यांवर आपला फोन बांधावा. एकाचा फोन दुसऱ्याच्या फोनशी बोलतो. धम्मपाल पुण्यात नऊ वर्षं हेच करत होता. इंटरनेटवरून चालणारे फोन, दवाखान्यांसाठी, शाळांसाठी, छोट्या कारखान्यांसाठी.

एकदा सुट्टीत ओट्यावर बसून त्यानं हे वडिलांना समजावून सांगितलं होतं. देवमननी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे नियम सगळ्याईसाठी लिहून ठेवले हायत?"

"हो बाबा. कोनीबी वाचावं."

"आमच्या लहानपनी हिरीच्या पान्याले कोनी शिवावं याचे नियम लिहून नोते ठेवले," देवमन म्हणाले. "पन सगळ्याईले पाठ होते." आणि थोड्या वेळानं, "तुहं काम चांगलं हाय. कर."

धम्मपालला आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. तो ती कोणाला सांगत नसे.

त्याच्या आईला, भागिरथाबाईंना, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण फोनचे त्यांचे स्वतःचे संकेत होते आणि ते धम्मपाल अमरावतीला शिकायला गेला तेव्हापासूनचे. तेव्हा घरात एकच बटणांचा फोन होता आणि त्यात बॅलन्स नसायचा. वावरातून घरी आलं की संध्याकाळी एक घंटी द्यायची आणि कापायचं. म्हणजे, आलो, बरे आहोत. तोही एक घंटी देऊन कापायचा. म्हणजे, मीही बरा आहे. एवढ्यावर त्यांची चार वर्षं गेली, आणि पुढे तो पुण्याला गेल्यावरही हेच चालू राहिलं. पाठोपाठ तीन वेळा घंटी आली तर मात्र हातातलं टाकून ताबडतोब फोन करायचा.

तीन घंट्या एकदाच आल्या होत्या. देवमन गोठ्यात पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. धम्मपालनं फोन केला, आईचं ऐकलं आणि तसाच काळीपिवळी चालवणाऱ्या किशनला लावला. पाव तासात जीप दारात होती. भागिरथाबाई पुढे कित्येक दिवस बायकांना सांगत होत्या, "मी इथून तीन घंट्या देल्या आन् तिकून जीप आली."

मग वस्तीत ग्रामपंचायतीचं नेट आलं. धम्मपालनं घरात इंटरनेटचा फोन बसवला. टेबलावर ठेवायचा, मोठ्या बटणांचा, एका बटणावर त्याचा पासपोर्ट फोटो चिकटवलेला. बटण दाबलं की पुण्यात त्याच्या मोबाइलवर घंटी. मधली सगळी यंत्रणा त्यानं स्वतः लिहिलेली होती. जुन्या फोनची बॅटरी फुगली होती, तो त्यानं जाताना सोबत नेला.

"याले पैसे लागत नाहीत माय. कितीबी बोल."

"फुकट?"

"फुकट."

भागिरथाबाईंनी फोटोवरची धूळ पदरानं पुसली. धूळ नव्हतीच.

त्याच पावसाळ्यात पुण्यात एक तक्रार सुरू झाली. एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात दिवसभर फोन वाजायचे, उचलायला जावं तोवर बंद. जगात कुठे कुठे बसलेली यंत्रं उघड्या दारांची चाचपणी करत फिरतात. बोलावणं पाठवतात, घंटी वाजते का पाहतात आणि निघून जातात. लोक वैतागले होते. धम्मपालची सहकारी पल्लवी म्हणाली, "काहीतरी कर बाबा, रोज शिव्या मी खाते."

धम्मपालनं एक नियम लिहिला. येणारं बोलावणं तीन सेकंद आपल्यापाशी थांबवून ठेवायचं. करणाऱ्याला घंटी ऐकू येऊ द्यायची, पण समोरचा फोन वाजवायचा नाही. तीन सेकंदांच्या आत रद्द झालं तर ते बोलावणं नव्हतंच, असं समजायचं. समोरच्याला त्याची खबर द्यायची नाही. खऱ्या माणसाला बोलायचं असेल तर तो तीन सेकंद थांबतोच.

सगळं मिळून अकरा ओळी. तक्रारी दुसऱ्या दिवशी थांबल्या. पल्लवीनं पेढे आणले. नियम सगळ्या गिऱ्हाइकांना लावला गेला, आणि आईचा फोनही त्याच यंत्रणेवर होता.

संध्याकाळची घंटी बंद झाली हे धम्मपालच्या ध्यानात आलं नाही असं नाही. त्याला वाटलं, आता फोन फुकट आहे, घंटी कशाला देईल. तो रविवारी करायचा. अशाच एका रविवारी भागिरथाबाई हसून म्हणाल्या, "साहेब झाला तू. माह्या घंटीले घंटी नाही देत आता."

"कोनती घंटी माय?"

"देतो नं मी रोज. वावरातून आलो का."

"अवं, थो जुना नंबर बंद झाला. या डब्ब्यावरून करत जाय."

"डब्ब्यावरूनच तं देतो."

तेवढ्यात त्याच्या दुसऱ्या फोनवर गिऱ्हाईक आलं. "थांब माय, मी करतो नंतर," तो म्हणाला. नंतर त्यानं केला तेव्हा बोलणं रत्नमालाच्या मुलीच्या दहावीवर गेलं. रत्नमाला त्याची मोठी बहीण, कामरगावला दिलेली.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला, कापायला आलं तेव्हा भर दुपारी अख्खी वस्ती वावरात होती. देवमनला सकाळपासून बरं वाटत नव्हतं म्हणून भागिरथाबाई घरी राहिल्या. पावणेबाराला देवमन खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, छातीवर कोणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. घामानं सदरा ओला झाला होता.

भागिरथाबाईंनी फोटोचं बटण दाबलं. घंटी वाजली. त्यांनी कापलं. पुन्हा दाबलं, कापलं. तिसऱ्यांदा दाबलं, कापलं. मग त्या टेबलाशी उभ्या राहिल्या, फोन वाजायची वाट बघत. मधेच जाऊन नवऱ्याची पाठ चोळायच्या, परत यायच्या. "करते तो आता," त्या म्हणत होत्या. "करते. किशनले सांगते."

फोन वाजला नाही. त्यांनी पुन्हा तीन घंट्या दिल्या. थांबल्या. पुन्हा तीन. त्यानंतर दोनच, तिसऱ्यांदा बटणाकडे बोट जाण्याआधी देवमन खाटेवरून खाली कोसळले होते.

तेव्हा त्या सडकेकडे पळाल्या. एक ट्रॅक्टर थांबला, त्यातल्या माणसानं किशनला फोन लावला. तालुक्याच्या मालेगावला दवाखान्यात पोचण्याआधी, जीपमध्येच देवमन गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि विचारलं, अर्धा तास आधी का नाही आणलं? ते रागानं विचारत नव्हते. त्यांना कागदावर लिहायचं होतं.

किशननं फोन केला तेव्हा धम्मपाल पुण्यात जेवणाचा डबा उघडत होता.

अंत्ययात्रा झाली. माणसं आली, गेली. तिसऱ्या दिवशी रत्नमालानं त्याला न्हाणीजवळ गाठलं.

"अकरा वेळा घंटी देली मायनं तुले."

"मले एकबी नाही आली ताई."

"माय खोटं बोलून राह्यली का?"

"तसं नाही. पन नाही आली."

"मंग कोठी गेल्या घंट्या? त्या डब्ब्यात काय तुनं भोक पाडून ठेवलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं लॅपटॉप उघडला आणि यंत्रणेची नोंद काढली. यंत्रणा सगळं लिहून ठेवत होती, फक्त कोणाला सांगत नव्हती. अकरा बोलावणी. प्रत्येक दोन सेकंदांचं. प्रत्येकापुढे त्याच्याच नियमाचं नाव. पहिल्या आणि शेवटच्या बोलावण्यात सदतीस मिनिटं होती. त्या वेळात तो कुठे होता ते त्याला आठवलं. पल्लवीबरोबर खाली चहा पीत होता. मोबाइल हातात होता.

तो नोंद मागे सरकवत गेला. आदल्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला एक, दोन सेकंदांचं. त्याच्या आदल्या दिवशी एक. त्याच्याही आदल्या. पावसाळ्यात थोडं लवकर, उन्हाळ्यात थोडं उशिरा. चौदा महिने. एकही दिवस सुटलेला नव्हता. आलो, बरे आहोत. आलो, बरे आहोत. त्यानं लॅपटॉप मिटला आणि ओट्यावर येऊन बसला. समोर कोणाची तरी बकरी पाला ओढत होती, तिच्याकडे पाहत राहिला.

आईला हे सांगायचं, हे त्यानं ठरवलं होतं. चूक माझी आहे, नियम मी लिहिला, माय. पण वाक्य पूर्ण केलं की त्याच्या पलीकडे दुसरं वाक्य उभं होतं. तीन सेकंद का थांबायचं, हे सांगताना हेही सांगावं लागणार की आई थांबली असती, एखादी घंटी न कापता तशीच वाजू दिली असती, तर फोन लागला असता. खरं सांगायला दुसरी वाट नव्हती. नेट बंद होतं असं सांगावं, तर तिनं स्वतःच्या कानांनी घंटी ऐकली होती.

सात दिवस तो ते सांगणं पुढे ढकलत राहिला. भागिरथाबाई खात नव्हत्या. भाकरीचा तुकडा मोडून ताटात ठेवायच्या. पापणीला पापणी लागत नव्हती; अंगणात बसलेल्या असल्या तरी त्यांचा उजवा अंगठा लुगड्याच्या काठावर काहीतरी दाबत राहायचा, सोडायचा.

देवमनचा जलदानविधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी धम्मपालला हाक मारली. रत्नमाला आत चुलीपाशी भांडी आवरत होती.

"धम्मा, एक इचारू?"

"इचार नं माय."

"घंटी तं मले आयकू येत होती." त्या सावकाश बोलत होत्या, बरेच दिवस मनात लावून ठेवलेलं. "मी कापत गेलो. मले वाटलं तू करशीन. मी नोको होतं का कापायले? धरून ठेवला असता तं लागला असता का?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

धम्मपालनं आईकडे पाहिलं. त्या उत्तरासाठी तयार होऊन बसल्या होत्या. हो म्हणाला असता तरी त्या रडल्या नसत्या. फक्त ते घेऊन जगल्या असत्या, आणि फार दिवस नाही.

"नाही माय," तो म्हणाला. "कापलं त्यानं काही नाही झालं. मले दिसल्या होत्या घंट्या."

"दिसल्या होत्या?"

"हो. साऱ्या. मी मीटिंगमधी होतो. म्हटलं, निंघाल्यावर करतो."

"तीन होत्या. तीन-तीन."

"दिसल्या होत्या, माय."

भागिरथाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी सैल होत होतं, आणि सैल होता होता त्यांच्या मुलापासून दूर जात होतं.

"मंग माह्या हातून नाही झालं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बरं," असं म्हणून त्या तिथेच चटईवर आडव्या झाल्या आणि थोड्या वेळानं झोपल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा.

रत्नमाला दारात उभी होती. हाताला राख होती.

"दिसल्या होत्या?"

"हो."

"मले म्हनला होता, एकबी नाही आली."

"भेव वाटलं."

तिनं हात धुतले, पिशवी भरली. जाताना झोपलेल्या आईच्या अंगावर चादर टाकली आणि त्याच्या बाजूनं, त्याला न शिवता, बाहेर पडली. कामरगावला जायला तिला कारंज्याहून पुढची गाडी मिळणार होती की नाही हे त्यानं विचारलं नाही. तिच्यामागे दहा पावलं चालत फाट्यापर्यंत गेला, ती बसमध्ये चढली तेव्हा परतला. त्याला आता दोन वर्षं झाली. रत्नमाला आईला भेटायला येते ती तो घरी नसेल असा दिवस विचारून.

पुण्यात त्यानं त्या अकरा ओळी काढून टाकल्या. पल्लवीनं कारण विचारलं, तो म्हणाला, खरी माणसंही कापतात. तक्रारी परत सुरू झाल्या तेव्हा त्यानं दुसरा उपाय शोधला, महिनाभर खपून. आता तो बराचसा वेळ गावातूनच काम करतो. पुढच्या खोलीत टेबल टाकलं आहे. काम चांगलं करतो असं सगळे म्हणतात.

भागिरथाबाई जेवतात. वावरात जातात. त्याला वेळेवर भाकरी वाढतात, उन्हात फिरू नको म्हणतात. फक्त त्याच्या कामाबद्दल आता काही विचारत नाहीत. शिरपूरकडची कोणी नात्यातली बाई भेटायला येते, ओट्यावर बसते, मग देवमनचा विषय निघतोच. भागिरथाबाई सगळं क्रमानं सांगतात, घाम, खाट, घंट्या. आणि शेवटी, जशी एखाद्याची उंची सांगावी तसं, "पोराले दिसल्या होत्या. कामात होता. नाही केला त्यानं."

"असं कसं वं?" ती बाई आवाज खाली आणून म्हणते. "सख्ख्या बापाले?"

आतल्या टेबलापर्यंत ते ऐकू जातं. धम्मपाल दार लोटून घेत नाही. बोटं थांबवतो आणि बाईचं बोलून होईपर्यंत ऐकत बसतो.