मिलची चिंच आणि कागदवाले मालक

साक्षात यम जरी आमच्या दाळमिलच्या फाटकाशी येऊन उभा राहिला असता, तरी मालकांनी त्याला आधी बसायला खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं आणि मग विचारलं असतं, "तुमी तिकूनच आले हे कशावरून? कागद दाखवा." आणि कागदावरचा शिक्का पुसट निघाला असता, तर यमाला आमच्या शिरपूरहून मिळेल त्या बसने परत जावं लागलं असतं. मालकांचा राग कोणावर नव्हता. विश्वास मात्र फक्त कागदावर होता. त्यांची म्हैस एकदा अडली, गुरांचे डॉक्टर घाईघाईनं आले, तर मालक गोठ्याच्या दारात आडवे उभे. पदवीचा कागद पाहिल्याशिवाय आत सोडेनात. डॉक्टरांनी घरी फोन करून भिंतीवरच्या कागदाचा फोटो मागवला. तो येईपर्यंत म्हैस मोकळी होऊन रेडकू चाटत बसली होती. "तुमच्या म्हशीनं काही माहा कागद पाह्यला नाही," डॉक्टर म्हणाले. मालक म्हणाले, "तिले वाचता येत नाही, म्हणून."

मला वाचता येतं, हे त्यांना कळलं ते असंच. मी दाळ निवडायच्या कामाला विचारायला गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "शिकली काय?" मी खाली मान घालून म्हटलं, "चौथी." "दाखला आन." दाळ पाखडायला दाखला लागतो हे ऐकून शाळेचे गुरुजी खुर्चीत मागे टेकून हसले, पण दाखला दिला. मालकांनी तो दोनदा वाचला, निळ्या फायलीत ठेवला आणि त्या दिवसापासून मिलमध्ये येणारा प्रत्येक मराठी कागद मी मोठ्यानं वाचायचा, असं ठरलं. त्यांना स्वतःला उत्तम वाचता येत होतं. पण ते म्हणत, "डोया कागदाले भुलते. कान भुलत नाही." मी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई. वाचताना माझा आवाज सुपातल्या सालीसारखा उडून जाई. मग ते म्हणायचे, "बाई, तू नाही ऐकू आली तरी चालते, कागद ऐकू येऊ दे."

मिलच्या अंगणात एक मोठी चिंच आहे. मिल नंतरची, चिंच आधीची. तिच्या सावलीत तूर घेऊन येणारे शेतकरी थांबतात, पाहुण्यांच्या खुर्च्या तिथंच टाकतात आणि आम्ही पाच बाया सूप घेऊन तिथंच बसायचो. एका उन्हाळ्यात वारा नसताना तिची एक फांदी फाटकाजवळ कोसळली. खाली एका शेतकऱ्याची गाडी होती, ती चेपली. शेतकरी वाचला, कारण मालकांनी त्याला सातबारा आणायला स्टँडवरच्या दुकानात पिटाळलं होतं. "पाह्यलं?" मालक आठ दिवस सगळ्यांना सांगत होते, "कागदानं मानूस वाचला."

चिंचेचं काहीतरी करायला हवं, हे त्यांना पटलं. पण करणार कोण? गावचा कुऱ्हाडवाला आला. म्हणाला, दोन दिवसांत आडवी करतो. मालकांनी विचारलं, "तुले कोन शिकवलं?" तो म्हणाला, "बापानं." "बापाले कोन?" तो कुऱ्हाड खांद्यावर टाकून चालता झाला. मग मालकांना कोणीतरी सांगितलं, की झाडांची निगा राखणाऱ्या कंपन्या असतात, त्यांना मान्यता असते, मान्यतेचं प्रमाणपत्र असतं. प्रमाणपत्र हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तीन कंपन्यांना फोन केले आणि तिघांनाही बजावलं, "कागद मराठीत करून आनजा. आमची बाई वाचते."

पहिले आले ते चकचकीत फाईल घेऊन. चिंचेखालच्या खुर्चीवर बसले, चहा घेतला, झाड मुळापासून काढू म्हणाले. मी प्रमाणपत्र वाचायला घेतलं, "वाळवी, ढेकूण व झुरळ नियंत्रण." पुढं वाचू की नको मला कळेना. मालकांनी फाईल मिटून त्यांच्या हातात दिली. "चिंचेले ढेकून झाले का तुमालेच बलावतो," म्हणाले. दुसऱ्यांची मान्यता खरी होती. तेही त्याच खुर्चीवर बसले, दोनदा चहा प्याले, झाडाचं डोकं उतरवून टाकू म्हणाले. मालकांनी विचारलं, "वर चढनार कोन?" ते म्हणाले, मजूर मिळतात की इथं. "म्हंजे मान्यता हापिसाची, अन् चढनार बिनकागदाचा? तो पडला तं त्याचा विमा?" त्यावर ते घड्याळ बघू लागले. यात पावसाळा गेला, हिवाळाही संपला. होळी झाली. आम्ही त्याच सावलीत दाळ पाखडत होतो.

खरं म्हणजे होळीपासून माझ्या सुपात काहीतरी पडत होतं. तांबूस, बारीक, मऊ चुरा. सकाळी फुंकून टाकला की दुपारी परत. मान वर केली, तर बरोबर माझ्या डोक्यावर चिंचेची दुसरी एक जाड फांदी. मला भीती वाटायची. मी सूप घेऊन वीतभर सरकायची, मग शेजारणीचा धक्का लागला की परत जागेवर यायची. बोलले मात्र कोणाला नाही.

तिसरा माणूस आला तो चैत्रात. किडकिडीत, हातात लाकडी हातोडी. मालकांनी खुर्ची दाखवली. तो बसलाच नाही. मान वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "आधी या बायांना इथून उठवा."

"आधी कागद," मालक म्हणाले.

"कागद देतो ना. आधी बाया उठवा."

मालकांना असं कोणी कधी बोललं नव्हतं. आम्हीच सुपं उचलली आणि उन्हात जाऊन उभ्या राहिलो. त्यानं बुंध्यावर हातोडी ठोकली, कान लावला, परत ठोकली. मग आमच्याकडे वळून विचारलं, "वरून काही पडतं का हो? भुसा, चुरा?" बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. माझ्या तोंडून शब्द कसे निघाले मला माहीत नाही. मी म्हटलं, "माह्या सुपात पडते. तांबडा चुरा. होळीपासून."

मालक माझ्यापाशी आले. "काहून सांगतलं नाही मंग?"

मी खाली पाहून म्हटलं, "तुमी कागद मागसान, म्हणून."

कोणी हसलं नाही. चिंचेखालची खुर्ची मालकांनी स्वतः उचलली आणि उन्हात आणून माझ्यापुढं ठेवली. "बस. वाच." मी मिलमध्ये खुर्चीवर कधी बसले नव्हते. त्या माणसाचे कागद वाचले. कंपनीची मान्यता होती, मुदत संपलेली नव्हती, वर चढणाऱ्या दोघांच्या शिक्षणाचे दाखले होते, त्यांचा विमा होता, आणि किडलेलं तेवढंच काढू, जिवंत झाड छाटणार नाही, असं सहीनिशी लिहिलं होतं. तरीही मालकांनी कागदावरच्या नंबरला फोन लावून विचारलंच, की हा मानूस तुमचाच का. पण फांदी उतरेपर्यंत आम्हाला परत तिथं बसू दिलं नाही.

तीन दिवसांनी दोर बांधून ती फांदी हळूहळू खाली उतरवली. आतून ती नळीसारखी पोकळ होती. मालकांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठ बाहेर काढली. तांबूस, बारीक, मऊ चुरा. आम्ही पाच बाया बसायचो त्या जागेकडे त्यांनी पाहिलं. मग तुरीचा नमुना भरतात तशा पिशवीत त्यांनी तो चुरा भरला, तोंड दोऱ्यानं बांधलं आणि निळ्या फायलीत माझ्या दाखल्यामागं ठेवून दिला.

त्या दिवसानंतर त्यांचा कागदांचा नाद सुटला असं नाही. पोस्टमनला ते पूर्वीसारखेच अडवत. पण रोज सकाळी आले की हापिसात जायच्या आधी माझ्यापाशी थांबत आणि विचारत, "बाई, आज सुपात काय पडलं?" मी म्हणायची, काही नाही. कधी म्हणायची, मुंग्या. मुंग्या म्हटलं तरी ते वर पाहून घेत, मगच आत जात.

आता ते लेकीकडे अकोल्याला असतात. गुडघे चालू देत नाहीत. मिल त्यांचा मुलगा पाहतो. मुलगा भला आहे, कोणाला कागद मागत नाही. दाळ निवडायला मशीन आलं, आम्ही दोघीच उरलो. चिंच उभी आहे, आणि जिथं फांदी होती तिथं नवे धुमारे फुटले आहेत. आज सुपात चिंचेची कोवळी पानं पडली. मी ती एका बाजूला काढून ठेवली, आणि कोणी विचारायला येतं का म्हणून फाटकाकडे उगीच दोनदा पाहिलं.