झरमीनाचं लोटलेलं दार

झरमीना गेल्याचं मला तिच्या भाच्याने सांगितलं. शुक्रवारची दुपार होती, मी चहाचा थर्मास घेऊन नेहमीसारखी शेजारी तिच्याकडे निघाले होते. "आंटी, खाला सकाळी हॉस्पिटलमध्येच वारली." मेली, मला एकटीला टाकून गेली, हेच पहिलं मनात आलं...

लेस्टरमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. आमचे हे गेल्यावर घर मला खायला उठायचं. मुलगा बेसिंगस्टोकला, त्याचा फोन रविवारी. झरमीना पेशावरकडची पठाण, तीही नवऱ्यामागे एकटी. दर शुक्रवारी आम्ही तिच्याकडे पश्तो मालिका बघायचो. मला भाषेतलं ओ की ठो कळत नसे. ती मला 'बाजी', म्हणजे ताई, म्हणत उर्दूत समजवायची, मी मोडक्या हिंदीत हुज्जत घालायची. पोरगी प्रेमात पडली, की बापाची अब्रू गेली, की बंदुका निघाल्याच! "एका लग्नापायी एवढी माणसं मारायची? डोकी फिरलीत का तुमची?" मी करवादायची. ती म्हणायची, "थांब, आता कुणीतरी दारात येईल." आणि यायचंच. त्यांच्यात दारात येऊन माफी मागणाऱ्याला परतवत नाहीत, परतवलं तर घराचीच अब्रू जाते. त्या प्रसंगाला ती हमखास ओढणीने डोळे पुसायची.

मालिका चालू असताना तिचं स्वतःचं दार नुसतं लोटलेलं असायचं. ऐन जानेवारीतसुद्धा! "अगं बये, हीटिंग सगळं रस्त्यावर चाललंय," मी ओरडायची. एकदा टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "पलवाशा आली तर तिला बेल वाजवायला लागू नये."

पलवाशा तिची एकुलती एक लेक. बापाने ठरवलेलं लग्न मोडून तिने मनासारखं केलं आणि ईलिंगला गेली. बाप असेतो घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. तो गेल्यावर तिचे फोन यायला लागले, तर ही बाई उचलेना.

"अगं, पोटची पोर आहे. उचल की!"

"माफी फोनवर नसते, बाजी. दारात येऊ दे, मी एक शब्द विचारणार नाही."

"मग तसं कळव तरी तिला!"

"पठाणाच्या मुलीला हे सांगावं लागतं?"

इतकी माया आणि इतका हेका... मला तिचा भयंकर राग यायचा.

पलवाशा आली ती दफन झाल्यावर. माझ्या उंबऱ्यातच उभी राहिली. "आंटी, अम्मी फोन उचलायची नाही. मला वाटलं, मी तिला नकोच आहे. दारातून हाकललं असतं तर मला सोसलं नसतं." मी तिला त्या लोटलेल्या दाराचं सांगितलं. इथेच वाढलेली पोर ती, दारात आलेल्याला परतवत नाहीत हे कुणी सांगितलंच नव्हतं तिला.

आता शुक्रवारी मी माझ्याच घरी ते चॅनल लावते. समजवायला कुणी नाही. थर्मास भरते, सवयीने कप दोन काढते, आणि उठून दार नुसतं लोटून ठेवते. हीटिंग जातं रस्त्यावर, जाऊ दे. मुलाचा फोन रविवारी येतो. तो मी उचलते.