चौदा धावांवर परतलेले भावजी

मंगळवार, १९ नोव्हेंबर. सकाळी पाण्याचा दाब कमी. धोब्याने उशीचे दोन अभ्रे कमी आणले. दहाला भावजी आले, जाऊबाईंसकट.

डायरीत एवढं लिहून पेन थांबलं. पुढचं दोन ओळींत बसेना, म्हणून हे वेगळ्या कागदावर.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. देशासाठी सात सामने खेळले, त्याला शेहेचाळीस वर्षं झाली. पुढे तीस वर्षं बस डेपोत चालक-वाहकांच्या ड्यूट्या लावल्या. तिथे त्यांना नुसतं आडनावाने ‘डावरे’ म्हणत. हे गृहस्थ कधी परदेशी गोलंदाजांसमोर उभे राहिले होते, हे तिथे फार थोड्यांना माहीत होतं. आणि ज्यांना माहीत होतं त्यांनाही एकच गोष्ट ठाऊक. शेवटच्या सामन्यात, चौदा धावांवर, चेंडू कीपरच्या हातात गेला आणि पंचांनी बोट वर करायच्या आत भावजी स्वतःहून तंबूत परतले. वर्तमानपत्रांनी गोडवे गायले. पुन्हा निवड मात्र झाली नाही.

आता त्यांचा जुना क्लब त्यांच्या नावाने दरवर्षी प्रामाणिकपणाची ढाल देणार आहे. ढालीवर काय कोरायचं ते सेक्रेटरींना आज पाचच्या आत कळवायचं होतं.

“वहिनी, त्या दिवसाची डायरी आहे का?” चप्पल काढतानाच त्यांनी विचारलं.

“आहे. का हो?”

“चेंडू बॅटला लागला होता का, ते बघायचंय.”

“ते मला काय ठाऊक? बॅट तुमच्या हातात होती!”

“तेच तर. आठवतंय ते खरं, की सत्कारांत सांगत आलो ते खरं, काही उमगत नाही.”

जाऊबाई सोफ्यावर टेकल्या. “एवढ्या वर्षांच्या संसारात ‘माझं चुकलं’ म्हणून एकदा तोंडातून निघालं नाही, आणि ढाल म्हणे प्रामाणिकपणाची!”

“तू जरा गप्प बस.”

“बसते. पंच मी असते तर बोट केव्हाच वर केलं असतं.”

त्या सामन्यांच्या काळात भावजी आमच्याकडेच राहायचे. कपाटाच्या खालच्या खणातून ते वर्ष काढलं. सामन्याच्या दिवशी माझ्याच अक्षरात होतं : ‘भावजी चौदावर बाद. जेवले नाहीत. म्हणाले, चेंडू लागलाच नव्हता.’ पाच दिवसांनी, वर्तमानपत्रात कौतुक छापून आल्यावर : ‘भावजी म्हणाले, अगदी बारीक लागला होता.’

दुसरीच नोंद तेवढी वाचावी, असं क्षणभर मनात आलं. दोन्ही वाचल्या.

भावजी खिडकीशी गेले. “कीपर ओरडला, स्लिपमधले तिघं ओरडले. एवढे जण म्हणतायत म्हणजे लागला असेल, असं वाटलं. निम्म्या वाटेवर गेल्यावर वाटलं, छे, नाही लागला. पण लोक टाळ्या वाजवत होते. मागे फिरणार कसा?”

“अहो, मग तसंच सांगा ना त्यांना,” जाऊबाई म्हणाल्या. आवाज जरा उतरला होता.

“सात सामने, एकशे बारा धावा. यातून हे काढलं तर उरतं काय माझं?”

मी उगीच चहा टाकला. कुणालाच नको होता, तरी सगळ्यांनी घेतला.

पावणेपाचला त्यांनी सेक्रेटरींना फोन लावला; पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. “ढालीवर प्रामाणिकपणा नको. चेंडू लागला होता की नाही, मला आठवत नाही.”

“साहेब, हा तुमचा विनय!”

“विनय कसला हो! खरंच आठवत नाही.”

“अहो, म्हणूनच तर प्रामाणिकपणा!”

भावजींनी फोन कानापासून दूर धरून आमच्याकडे पाहिलं. जाऊबाई पदराआड हसत होत्या. “हे पाहा,” ते पुन्हा म्हणाले, “मी अकरा झेल घेतलेत. त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. झेलांची ढाल ठेवा, नाहीतर माझं नाव नको.”

“कमिटीपुढे ठेवतो,” सेक्रेटरी म्हणाले, पण नाराजीने.

फोन ठेवल्यावर भावजींनी मला विचारलं, “वहिनी, बरोबर केलं ना?”

मी हो म्हणाले. खरं तर मलाही नक्की सांगता येत नव्हतं.

ते गेल्यावर डायरी पुरी केली : गॅसची टाकी संपली. भावजींनी जाता जाता नवी लावून दिली.